माझ्या साडूचं कोर्ट

दंड झाला म्हणून चारचौघांना चहा पाजणारी माणसं आख्ख्या भिवंडीत कुठे सापडतील तर ती आमच्या आळीत, आणि त्यांना ही खोड लावली माझ्या साडूने. एरवी आमची माणसं काय कमी आहेत? धामणकर नाक्यावर हवालदाराने शिटी मारली तर शेजारच्या रिक्षावाल्याकडे बोट दाखवून पुढे सटकणारी, पावती हातात पडली तर तिची पुडी करून तीत तंबाखू बांधणारी, समन्स आलं की मामाच्या गावाला निघून जाणारी. पण हीच माणसं माझ्या साडूच्या गवताच्या वखारीपुढे आपल्या पायाने येऊन उभी राहायची आणि मान खाली घालून म्हणायची, "काका, माझ्याकडून झालं ते झालं. आता काय ते सांगा." बरं, हा कुणी वकील नाही, पंच नाही. कोर्टाची पायरी त्याने साक्षीलासुद्धा कधी चढलेली नाही. मुंबईच्या तबेल्यांना सुकं गवत विकणारा माणूस. अंगात बंडी, खाली लुंगी, खांद्यावर टॉवेल. पण मान बघाल तर मोठ्या जजाला नसेल. मला त्याचा हेवा वाटायचा. अजूनही वाटतो. मी तो कधी लपवला नाही. ज्याच्याकडे हेवा वाटण्यासारखं काही असतं त्याचा माणसाने सरळ हेवा करावा, नाहीतर उगाच देवाला नावं ठेवावी लागतात.

वयाने मी त्याच्याहून मोठा. पण त्याला मिळाली थोरली बहीण आणि मला धाकटी, म्हणून नात्याने तो मोठा झाला आणि जन्मभर मोठाच राहिला. सासुरवाडी खाडीकाठची. आम्ही दोघे जावई शेजारी शेजारी जेवायला बसलो की सासू जिताडा माशाचं डोकं त्याच्या ताटात वाढायची आणि शेपटीकडचा तुकडा माझ्या. त्या डोक्यात काय असतं ते ज्याने खाल्लंय त्याला विचारा. तेही हा बाबा मुकाट्याने खाईल तर शपथ! चोखून चोखून खायचा, मध्येच डोळे मिटायचा, आणि सगळं संपत आलं की म्हणायचा, "आई, साडूभाऊंना पन द्या जरा." तोवर द्यायला राहायचं काय? मी म्हणायचो, मला शेपटीच आवडते. एकदा म्हटलं ते म्हटलं. पुढे सासू जाईपर्यंत शेपटी खाल्ली, पण शब्द फिरवला नाही.

झोपेचंही तेच. आमच्या आळीला दोन्ही अंगांनी लूमचे कारखाने. दिवसभर अशी खटखट चालते की नवरा-बायकोला हातवारे करून भांडावं लागतं. मी घरात दार-खिडक्या लावून गादीवर पडलो तरी दुपारी डोळ्याला डोळा लागत नसे. आणि हा वखारीच्या दारातच, गवताच्या भाऱ्यावर, तोंड उघडं टाकून असा घोरायचा की जणू लूम त्याच्यासाठी अंगाई गातायत. त्याला जाग यायची ती लूम थांबले की. म्हणजे लाइट गेली की. त्या वर्षांत लोडशेडिंग भारी होतं. लाइट गेली की कारखान्यांची खटखट थांबायची, कान एकदम मोकळे व्हायचे, आणि घामाने निथळणारे कारीगर, घरातल्या बाया, गाळ्यांचे शेठ, सगळे उंबऱ्याबाहेर यायचे. दिवसभर त्या आवाजाखाली दाबून ठेवलेल्या तक्रारी तेव्हा एकदम तोंडातून निघायच्या. दुसऱ्या आळ्यांत या वेळात हाणामाऱ्या व्हायच्या. आमच्याकडे माझा साडू डोळे चोळत उठून बसायचा, टॉवेलने तोंड पुसायचा, "हां, बोला," म्हणायचा, की झालं कोर्ट सुरू! लाइट आली की कोर्ट उठलं. त्यामुळे फिर्यादीला लांबण लावायची सोय नव्हती आणि निकाल राखून ठेवायचीही नव्हती.

याच्या आधी आळीतला न्याय कुणाकडे होता? माझ्याकडे. हे आताच्या पोरांना ठाऊक नाही म्हणून लिहून ठेवतो. मी चौथीतून शाळा सोडली, पण गावकीने मला पंच केलं होतं ते काही शाळेचा दाखला बघून नाही. माझा कायदा सरळ होता: गुन्हा कुठलाही असो, करणारा कुणीही असो, देवळात एक नारळ. सांडपाणी वाटेवर सोडलंत, नारळ. दुसऱ्याच्या दारात गाडी लावलीत, नारळ. शिवी दिलीत, नारळ. राजालाही तोच आणि रंकालाही तोच. छान चाललं होतं. पण एक गाळेवाला शेठ होता, त्याचे टेम्पो देवळाच्या तोंडाशीच उभे असत. त्याने एका पाडव्याला हातगाडीवरून नारळांचं पोतं आणून देवळात उतरवलं आणि मला म्हणाला, "आबा, सालभराचे एकदमच घ्या. रोजरोज तुम्हालाही तकलीफ नको." आता आगाऊ नारळ घ्यायचे नाहीत असं माझ्या कायद्यात कुठे होतं? मी घेतले. टेम्पो वर्षभर उभे राहिले आणि आळीत घरोघर खोबऱ्याची चटणी झाली. उलट लूमसाठी सुताच्या कांड्या भरून पोट भरणारी एक बाई त्याच साली एका नारळासाठी शेजारणीपुढे हात पसरताना लोकांनी बघितली. तेव्हा माझा साडू वखारीच्या दारातून एवढंच बोलला, "साडूभाऊ, दंड असा पायजे का गरिबाला झेपल आन् पैशेवाल्याला झेपनार न्हाय." लोकांना वाक्य आवडलं. लोकांना वाक्यं आवडतात. त्या दिवसापासून सगळी फिर्याद वखारीकडे वळली आणि माझ्या ओट्यावर कुत्रं येऊन बसायला लागलं.

पहिला नंबर त्या शेठचाच लागला. साडू त्याला म्हणाला, "तुजा टेम्पो जितं उबा ऱ्हातो ना, तितं आता तू उबा ऱ्हा. लाइट येस्तवर."

शेठ हसला. "ड्रायव्हरला उभा करतो, काका."

"का? टेम्पो ड्रायव्हरचा हाय?"

उभा राहिला बिचारा, सफारी घालून, भर उन्हात. देवळात जाणारी एकेक बाई, "शेठ, वाईच सरकता का?" म्हणत त्याच्या अंगावरून जायची. तो इकडे सरकला तर तिकडून हंडे घेऊन कुणी यायचं. तिकडे सरकला तर इकडून सायकल. एका म्हातारीने तर, "जल्ला मेला, वाटत कनाला ऱ्हवला ह्यो!" म्हणून त्याला कोपरानेच बाजूला केलं. लाइट आली तेव्हा शेठ घामाघूम झाला होता. पण गंमत अशी की रागावला नव्हता. त्याने टपरीवरून आख्ख्या आळीसाठी चहा मागवला आणि सांगितलं, "काका, इतनी सी जगह है, मला माहीतच नव्हतं." दुसऱ्या दिवसापासून टेम्पो मागच्या मैदानात. पोतंभर नारळांनी जे झालं नाही ते भर उन्हात उभं राहून झालं.

मग काय, एकाहून एक दंड निघायला लागले. दोन शेजारणी होत्या, एकीचं खरकटं पाणी दुसरीच्या दारात जायचं. साडूने पहिलीला सांगितलं की महिनाभर आपली भांडी दुसरीच्या मोरीवर नेऊन घासायची. पहिले दोन दिवस भांडी अशी आपटली की लूमचा आवाज कमी पडला. नंतर त्या मोरीवर दोघींच्या अशा काही गप्पा रंगल्या की महिना संपला तरी ही तिथेच भांडी घासते, आणि दोघी मिळून माझ्या साडूच्या घोरण्याविरुद्ध तक्रार घेऊन आल्या. एका घरी हळदीला स्पीकर इतका लावला की कौलं हलली. साडूने वरबापाला दंड सांगितला, धाकट्याच्या लग्नात स्पीकर आणायचा नाही, लग्नाची जुनी गाणी म्हणणाऱ्या धवलारणी बोलवायच्या. त्याने बोलावल्या. म्हाताऱ्या बाया मांडवात बसून धवले गायला लागल्या तेव्हा कारीगर शिफ्ट सोडून ऐकायला आले, आणि आता आळीत ज्याला त्याला लग्नात धवलारीणच पाहिजे.

आणि ते डॅमेजचं प्रकरण! एका कारीगराच्या ताग्यात डॅमेज, म्हणजे विणीत खोट, निघाला म्हणून मालकाने त्याचा पगार कापला. कारीगर उत्तरेकडचा, तोंडात मारल्यासारखा वखारीपुढे येऊन बसला. मागोमाग मालकही आला. साडूने कापड उन्हात धरलं आणि मालकाला विचारलं, "सूत कुनाचं?"

"मेरा."

"लूम कुनाचा?"

"मेराच आहे, काका."

"आन् डोळं तेवडं ह्याचं. मंग डॅमेज दोघांचा." निकाल असा की त्याच कापडाचे दोघांनी सदरे शिवायचे आणि शुक्रवारी, कारखान्याच्या सुट्टीला, दोघांनी ते घालून सोबत निजामपुऱ्याच्या बाजारातून फिरून यायचं. मी म्हटलं, आता मालक काही ऐकत नाही. पण गेले की दोघे! नि संध्याकाळी मालक परतला तो हसत. बाजारात त्याला कुणा व्यापाऱ्याने थांबवून विचारलं होतं, "ये नया डिझाइन कहाँ से निकाला?" डॅमेजची ऑर्डर घेऊन आला तो. कारीगराचा पगार तर दिलाच, वर, "अब वैसा ही फिर से बना," म्हणून त्याच्या मागे लागला. पण डॅमेज ठरवून थोडाच पडतो? कारीगर मेहनत करकरून चांगलंच कापड काढत राहिला.

तुम्ही म्हणाल, मग वाईट काय त्यात? वाईट हेच की याला न्याय म्हणत नाहीत. एकाला उभं राहायचा दंड, दुसऱ्याला भांडी घासायचा, तिसऱ्याला सदरा घालायचा. माणसाला आधी ठाऊक नको, की अमुक केलं तर तमुक होईल? मी हे त्याला तोंडावर सांगितलं होतं. तो म्हणाला, "आदीच ठावं असला तर त्यो भाव झाला, साडूभाऊ. दंड कसला?" मला यावर उत्तर सुचलं, पण दोन दिवसांनी. तोवर वेळ निघून गेली होती.

मी त्याच्या वखारीत कधी बसलो नाही. कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाशी उभा राहायचो, चपलेला लागलेलं शेण खरवडतोय असं दाखवत. आळीत शेण उरलं नव्हतं, म्हशी कधीच्या गेल्या होत्या, पण कुणी विचारलं नाही. घरी आलो की बायको पहिलं विचारायची, "भावोजींनी आज काय सांगितलं?" मी म्हणायचो, "मला काय ठाऊक?" तर म्हणायची, "खांबाला ऐकू येत न्हाय का?" एकदा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमचा नारळ पन बरा व्हता. चटनी तरी व्हायची." त्या दिवशी मी जेवलो नाही.

आता जे घडलं ते सांगतो. उन्हाळा कडक होता, वखारीत गेल्या सालचं गवत कुडकुडीत झालेलं. आळीत एकीकडे कारखान्यांतली रुई उडतेय, एकीकडे हे गवत, तेव्हा वखारीच्या आसपास विडी पेटवायची नाही हा साडूनेच घातलेला नियम. दंडही त्याचाच: ज्याने पेटवली त्याने एक आख्खी शिफ्ट न पेटवलेली विडी तोंडात धरून काम करायचं. तो डॅमेजवाला कारीगर एकदा असा बारा तास विडी चावत राबला होता आणि शिफ्ट सुटल्यावर त्याच्या दातांत नुसती पानं राहिली होती. तर त्या दुपारी लाइट गेली, माणसं बाहेर आली, आणि बघतात तर वखारीतून धूर. कारीगरच धावला. पिंपातलं पाणी ओतलं. जळलं होतं एवढंच, ओंजळभर गवत. आणि बाजूला माझा साडू, हातात पेटलेली विडी, तोंड चोरासारखं. झोपेतून अर्धवट उठला, हाताला सवय, पेटवली. बस.

कारीगर म्हणाला, "चाचा, ये तो आपका ही कानून है." आणि मग स्वतःच ओशाळून म्हणाला, "जाने दीजिए. बुजुर्ग हैं. कुछ हुआ तो नहीं."

सगळेच म्हणाले, जाऊ द्या काका, काही झालं नाही. बाया म्हणाल्या, जाऊ द्या. ज्या शेठला त्याने उन्हात उभा केला होता तोसुद्धा म्हणाला, जाने दो. पण साडू भाऱ्यावरून खाली उतरला आणि मातीत उभा राहिला. म्हणाला, "तुमाला सोडलं न्हाय, मंग मना का सोडता? न पेटवलेली इडी मी रोजच तोंडात धरतो, मना त्यो दंड व्हनार न्हाय. दुसरा सांगा." कुणी सांगेना. कोण सांगणार? ज्याच्या त्याच्या घरात त्याच्या एकेका दंडाने भलं झालेलं. तेव्हा त्याने मान वळवली आणि सरळ खांबाकडे बघितलं. "साडूभाऊ, हिकडं या. तुमी सांगा. तुमी माजी गय करनार न्हाय."

इतक्या वर्षांनी मला बोलावणं आलं ते असं. मी पुढे झालो. सगळी आळी माझ्याकडे बघतेय, बायको दारात उभी, आणि लाइट कुठल्याही क्षणी येणार. मी काय सांगणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं: नारळ. तोही नारळ आणेल, हसत हसत फोडेल, खोबरं वाटेल, आणि लोक म्हणतील, बघा, कसा मानाने दंड भरला! पुन्हा डोकं त्याच्या ताटात आणि शेपटी माझ्या. मी त्याच्याकडे नीट बघितलं. याला काय झेपणार नाही? त्याचाच नियम त्याला लावून बघितला. गवत गेलं तरी त्याला चालेल, पैसा गेला तरी चालेल. झेपणार नाही असं त्याच्याजवळ एकच होतं, आणि ते मला पक्कं ठाऊक होतं, कारण मी बरीच वर्षं त्याचाच हेवा करत आलो होतो.

मी म्हणालो, "पाऊस उघडेपर्यंत वखारीच्या दारात बसायचं नाही. आणि कुणाचा निवाडा करायचा नाही."

बायकोने पदर तोंडाला लावला. साडूचा चेहरा क्षणभर लहान मुलासारखा झाला, मग त्याने दोन्ही हात जोडले. "बरोबर हाय," म्हणाला. तेवढ्यात लाइट आली, लूम सुरू झाले, आणि लोकांनी मला ज्या काही शिव्या दिल्या असतील त्या खटखटीत बुडाल्या. दंड बरोबर होता. आजही म्हणतो, त्याहून नेमका दंड त्या आळीत कुणाला झाला नाही. त्याने लावलेल्यांतसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या ओट्यावरचं कुत्रं भुंकलं. बघतो तर साडू, खांद्यावर टॉवेल. म्हणाला, "वखारीत बसायचं न्हाय म्हनलात. मंग बसू कुटं?" आणि बसला. बायकोने आतून चहा आणला. त्या चहाला आल्याचा वास होता. आमच्या घरात आलं असतं हे मला त्या दिवशी कळलं. चहा पिऊन तो आडवा झाला आणि माझ्याच ओट्यावर, मला कधी आली नाही अशी झोप काढली.

पावसाळाभर हेच. लाइट गेली की सवयीने लोक त्याच्यामागे इथे यायचे, त्याच्याकडे बघायचे. तो टॉवेलने माझ्याकडे खूण करायचा. मी दोन-तीनदा नारळ सांगितला. लोक, "बरं आबा," म्हणून गेले आणि नारळ काही आला नाही. मी साडूकडे बघितलं, तर तो ओट्यावरच्या मुंग्यांची रांग बघत होता. एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर मी दंड मोडला म्हणून ओरडू शकलो असतो. तेवढंही सुख त्याने दिलं नाही.

मग ती मोटरवाली आली. आली म्हणजे शेजारणींनी आणली. तिने नळाला मोटर लावली होती, त्यामुळे बाजूच्या घरांना थेंब येत नव्हता. बाई नवऱ्यामागे एकटी, घरात सासू अंथरुणाला खिळलेली, तिचे कपडे दिवसातून कितीदा धुवावे लागत. शेजारणी म्हणत होत्या, मोटर उचलून न्या. ती नुसती रडत होती. माझ्या तोंडात नारळ आला होता, पण तिच्या हाताकडे लक्ष गेलं. पाण्याने बोटं पांढरी पडलेली. लाइट यायची वेळ झाली होती. कसं सुचलं ठाऊक नाही, मी म्हणालो, "मोटर राहू दे. पण पाणी आलं की पहिला पाइप शेजाऱ्यांच्या पिंपात. त्यांची भरली की मग तुझं."

ती म्हणाली, "आन् तवर पानी गेलं तर, आबा?"

"तर त्या आपल्या पिंपातलं तुला आणून देतील. तुझ्याच मोटरचं पाणी आहे ते."

शेजारणी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एक म्हणाली, "चालल." आणि दुसरी, जिचा आवाज आळीत सगळ्यात मोठा, ती टाळी वाजवून म्हणाली, "वा! अगदी काकांसारखं बोललात, आबा!"

काकांसारखं! आयुष्यात एक निवाडा असा झाला की माझाच मला आवडला, आणि तोही त्याच्या खात्यावर गेला. सगळे गेल्यावर मी त्याला म्हणालो, "घे. हेही तुझंच."

तो मुंग्यांवरून नजर न काढता म्हणाला, "मना न्हाय सुचलं असतं."

"खोटं बोलू नको."

"आईच्यान." मग टॉवेलच्या टोकाने एका मुंगीला वाट करून देत म्हणाला, "मी सासूची कापडं शेजारनींच्या मोरीवर धुवाया लावली असती. बाईची आब्रू गेली असती. तुमचं बेस झालं." आणि थोड्या वेळाने, कशावरून ते कळलं नाही, म्हणाला, "जिताड्याच्या डोक्यात काय बी नसतं, साडूभाऊ. निस्ती हाडं. आई वाडायची म्हून चोकायचो. तुमच्या तुकड्यावर किती मांस असायचं!" मी त्याच्याकडे बघितलं तर तो डोळे मिटून घोरत होता, किंवा तसं दाखवत होता.

त्यानंतर आम्ही फार बोललो असं नाही. तो बसायचा, मी बसायचो. मोटरवालीची सासू वारली तेव्हा खांदा द्यायला दोघे सोबत गेलो. त्याच्या गुडघ्यांसाठी एकदा वज्रेश्वरीची एसटी धरून गरम कुंडांवर गेलो, तिथे पाण्यात पाय सोडून बसलो तर शेजारी बसलेल्या एका माणसाने विचारलं, "भाऊ भाऊ का?" साडूने पाय आणखी खोल बुडवले आणि मी त्या माणसाला परतीच्या एसटीची वेळ विचारली. ओट्यावर मला दुपारी डुलकी लागायला लागली.

मग एक दिवस ऊन पडलं ते पडलंच. माळावरून नव्या गवताचा पहिला ट्रक आळीत शिरला. साडू ओट्यावर बसला होता.

"पाऊस उघडला, साडूभाऊ," तो म्हणाला.

"दिसतंय."

तो उठला नाही. टॉवेलची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "दंड जरा वाडवून मिळल का?"

मला वाटलं चेष्टा करतोय. चारचौघे ऐकत होते, बायको दारात कान देऊन उभी होती. शिवाय मला काय वाटतंय ते मलाच धड कळत नव्हतं, आणि असं झालं की माणूस आपल्या जुन्या सवयीला धरून बोलतो. मी म्हणालो, "ठरला तेवढाच. एकाला वाढवून दिला तर उद्या सगळे मागतील."

त्याने मान हलवली. "ह्ये बी बरोबर हाय," म्हणाला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि गुडघे धरत ओट्यावरून उतरला. कुत्रं त्याच्यामागे वखारीपर्यंत गेलं आणि परत आलं नाही.

आता सगळं पहिल्यासारखं आहे. लाइट अजूनही जाते, खटखट थांबते आणि तिकडून त्याचा आवाज येतो. हल्ली माझ्या कानांना शब्द कळत नाहीत. कुणाला तरी काहीतरी दंड झालाय आणि सगळे हसतायत, एवढं कळतं. बायको म्हणते, खांबाशी कशाला उभे राहता, सरळ जाऊन बसा की. तिला काय सांगायचं? त्याच्या दारात जायचं तर माणसाजवळ काहीतरी गुन्हा हवा. रिकाम्या हाताने तिकडे कुणी जात नाही. आणि बघा ना, रोज सकाळी उठून मनाशी ठरवतो, तर या वयात माझ्या हातून साधा गुन्हाही घडत नाही.